वादळाच्या आधीचे छायाचित्र: ठाणे आणि नवी मुंबईतील छायाचित्रकारांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील कॅमेरा क्लब, छायाचित्रण मंडळे, छायाचित्रण सहलींचे आयोजक
आणि सर्व हौशी व व्यावसायिक छायाचित्रकार यांस

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा चढू लागला की आपल्या मंडळांमधून पुढच्या मोसमाच्या सहलींची पत्रके फिरू लागतात. स्पिती, लडाख, वाराणसी. पाऊस लागल्यावर माळशेज आणि आंबोली. फुलांच्या दिवसांत कास. या सहलींनी आपल्यापैकी कितीतरी जणांना कॅमेरा हाताळायला शिकवले आहे आणि त्या थांबाव्यात असे मला मुळीच वाटत नाही. या पत्रातून मी एक निराळी विनंती करत आहे. प्रत्येक मंडळाने आपल्याच दोन शहरांतील, लोकलने किंवा बसने सहज जाता येईल अशी दोन-तीन ठिकाणे कायमची निवडावीत, दर वर्षी ठरलेल्या वेळी तिथे जाऊन त्याच जागेवरून, त्याच दिशेने छायाचित्रे काढावीत, आणि ती छायाचित्रे कोणालाही पाहता येतील अशा संस्थेच्या स्वाधीन करावीत. २०२० आणि २०२१ या लागोपाठच्या वर्षांत आलेल्या दोन चक्रीवादळांनंतर ही गोष्ट मला सुचली. पुढच्या वर्षांत तिची निकड वाढतच गेली, म्हणून ती सविस्तर मांडत आहे.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढले. वटपौर्णिमेला दोन दिवस उरले होते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि पुढे दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्या एका दुपारी आडव्या झाल्या, आणि ठाणे-नवी मुंबईच्या वाट्याला त्या मानाने वादळाची केवळ कड आली. त्यानंतर वर्षही पुरे झाले नव्हते तोच, १७ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ आपल्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले आणि त्याच रात्री सौराष्ट्रात दीव-उनाच्या किनाऱ्यावर गेले. ते आपल्या भूमीवर चढलेच नाही; तरीही कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले, सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला आणि बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ ‘पी-३०५’ हा तराफा बुडून ७०हून अधिक कामगार प्राणास मुकले.

या दोन दिवसांची छायाचित्रे आज शोधली तर भरपूर सापडतात. गेटवेच्या कठड्यावर आदळणाऱ्या लाटा, मोटारींवर कोसळलेली झाडे, उडालेले पत्रे, छत्री उलटी झालेली माणसे. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी ती जीव धोक्यात घालून काढली आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. परंतु पडलेल्या झाडाच्या छायाचित्रावरून तिथे काय उभे होते हे कळत नाही. फांद्या कापून नेल्यानंतर, रस्ता मोकळा झाल्यानंतर त्या जागेचे काय झाले हे तर त्याहून कळत नाही. वादळाच्या दिवसाची चित्रे आपल्याकडे हजारो आहेत. त्याच जागांची आदल्या वर्षीची आणि पुढच्या पाच वर्षांची चित्रे मात्र जवळपास नाहीतच.

हे मला प्रथम ज्यांनी दाखवून दिले ते छायाचित्रकार नव्हते. लग्नांची छायाचित्रे काढणे हा माझा व्यवसाय आहे. ‘निसर्ग’नंतरच्या पावसाळ्यात दिवेआगरच्या एका वाडीच्या मालकांचा मला फोन आला. त्यांच्या मुलीचे लग्न काही वर्षांपूर्वी त्यांच्याच वाडीत झाले होते आणि त्याची ऑर्डर माझ्याकडे होती. ‘ताई, माणसं राहू देत, मागची झाडं दिसतील असे जे काही फोटो असतील ते पाठवा,’ असे ते म्हणाले. शासनाने त्या वेळी फळबागांच्या नुकसानीसाठी हेक्टरी ५० हजार रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले होते. किनाऱ्यावरच्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात, म्हणजे गुंठ्यामागे साधारण ५०० रुपये. त्या एका गुंठ्यात नारळ, त्यांच्या सावलीत पोफळी, मध्ये जायफळ आणि पोफळींवर चढवलेले मिरवेल असे सगळे दाटीने उभे असते. वाडीवाला आपली वाडी क्षेत्रफळाने मोजत नाही, झाडांनी मोजतो. आणि झाडे किती होती, किती वयाची होती, किती दाट होती हे सांगणारे एकही छायाचित्र त्यांच्या घरात नव्हते. माझ्याकडे जे होते त्यात नवरा-नवरी होती, आणि त्यांच्या मागे वाडी होती.

मी सगळ्या फाइली उघडून बसले. आपल्या व्यवसायात पार्श्वभूमी धूसर करण्याची मोठी आवड आहे. अपर्चर, म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याचे छिद्र, पूर्ण उघडायचे, वधूच्या पापणीवर फोकस धरायचा आणि मागचे सगळे हिरव्या रंगाच्या मऊ ठिपक्यांत विरघळवून टाकायचे, याला आपण सौंदर्य समजतो, आणि ते सौंदर्य आहेही. त्या शेकडो कँडिड चित्रांमधून एकही पोफळ मोजता येत नव्हती. मोजता आली ती ग्रुप फोटोंमधून. आजोबांपासून पणतवंडांपर्यंत तीन रांगा सगळ्या स्पष्ट याव्यात म्हणून अपर्चर आठ किंवा अकरावर, म्हणजे बरेच बारीक, आणलेले असते. वराकडची मंडळी, वधूकडची मंडळी, मामाकडची मंडळी, असे एकाच जागी उभे करून घेतलेले जे ग्रुप फोटो अल्बममध्ये शेवटी जातात आणि ज्यांना आपण कलेच्या हिशेबात धरत नाही, त्यांच्या मागे ती वाडी खोडाखोडाने उभी होती. पाठवलेल्या चित्रांचा त्यांना सरकारदरबारी किती उपयोग झाला हे माझ्या या पत्राचे प्रयोजन नाही. त्यांनी ती चित्रे मोठी करून घरात लावून घेतली, एवढे मात्र मी पुढे त्यांच्या घरी पाहिले.

त्या वाडीत नवी रोपे लावली गेली. श्रीवर्धनी रोठा सुपारी नावाजलेली असली तरी रोप लावल्यापासून उत्पन्न हाती यायला सहा-सात वर्षे तरी जातात, आणि कोवळ्या पोफळीला वरून सावली लागते. नारळच आडवे झालेले असल्यामुळे ती सावलीही आधी नव्याने उभी करावी लागते. म्हणजे ज्या वादळाला आपण एक दिवस दिला, त्याची गोष्ट त्या गावांत अजून चालू आहे. आपल्यापैकी जे तेव्हा मोडलेली घरे टिपायला गेले होते, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी त्याच गावांत पुन्हा जावे. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, काशीद या गावांची घरगुती निवासव्यवस्था बव्हंशी मुंबई-ठाणे-पुण्याच्या पाहुण्यांवर चालते. मोडतोडीची चित्रे पसरली की पुढचे कित्येक महिने पाहुणे येत नाहीत, आणि गाव पुन्हा उभे राहिल्याचे चित्र कोणी काढत नाही, कारण त्यात थरार नसतो. सहलीचे आयोजक हे सहज करू शकतात: तिथे पैसे देऊन राहावे, जेवावे, आणि पूर्वी ज्या उंबऱ्यासमोर उभे राहून चित्र काढले त्याच उंबऱ्यासमोर, घरच्यांना विचारून, पुन्हा उभे राहावे.

आता आपल्या दोन शहरांकडे येते. ‘निसर्ग’ आले तेव्हा सामान्य प्रवाशांसाठी लोकल बंद होती आणि जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत असे. रायगड माझ्या घरापासून इतके जवळ असूनही परवानगीशिवाय तिथे जाता येत नव्हते. ‘तौक्ते’च्या वेळी पुन्हा निर्बंध होते आणि लग्ने पंचवीस माणसांत, दोन तासांत उरकली जात होती. आमच्या व्यवसायातील अनेकांनी त्या काळात लेन्स विकल्या, काहींनी व्यवसायच सोडला. मी ऐरोलीत राहते. मला जे फिरता येत होते ते पायी, दिवागाव, रबाळे, घणसोली आणि खाडीच्या कडेने, एवढेच. पुढे निर्बंध उठले, ठाणे-वाशी मार्गावरच्या गाड्या पुन्हा भरून धावू लागल्या, तरी मी ते फिरणे सोडले नाही, कारण तोपर्यंत त्या जागांत मला असे काही दिसू लागले होते जे दूरच्या प्रवासात दिसले नव्हते.

रस्त्याकडेची झाडे घ्या. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७०ची. नवी मुंबईचे एकेक उपनगर वसत गेले तशी त्याच्या रस्त्यांवर गुलमोहर, सोनमोहर, वर्षावृक्ष अशी भराभर वाढणारी झाडे लागली, आणि म्हणून एकेका रस्त्यावरची झाडे बरीचशी एकाच वयाची आहेत. ती एकत्र वाढली आणि आता एकत्रच म्हातारी होत आहेत. वादळात पडलेल्या झाडांची मुळे मी जवळून टिपली. बरीच झाडे खोडात मोडलेली नव्हती, ती मुळासकट उलटली होती. मुळांचा पसारा खोल नव्हता, थाळीसारखा सपाट होता, आणि त्याच्या भोवती सिमेंटचे कडे अगदी बुंध्याला चिकटून होते. एका बाजूची मुळे केबल किंवा जलवाहिनीच्या चरात आधीच तुटलेली दिसत होती. झाड ज्या बाजूला पडले त्याच्या विरुद्ध बाजूचा हा तुटका काठ पाहिला की ते का पडले याचा अंदाज लहान मुलालाही येतो. दुसऱ्या दिवशी करवत चालते, तिसऱ्या दिवशी ओंडके जातात, आठवड्याभरात खड्ड्यावर पेव्हर ब्लॉक बसतात आणि तो पुरावा कायमचा मिटतो.

त्याच जागी मी पुढची वर्षे जात राहिले. पहिल्या वर्षी चित्रात फक्त एक रिकामी जागा दिसते. पुढे तिथे दुचाकी उभ्या राहू लागतात. झाडाखाली टेबल लावून बसणारा इस्त्रीवाला आधी ताडपत्री बांधतो आणि मग एका पावसाळ्यानंतर दिसेनासा होतो. सोसायटीच्या पहारेकऱ्याची खुर्ची फाटकाच्या आत जाते. समोरच्या इमारतीच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांवर वातानुकूलन यंत्रे एकेक करून वाढत जातात, जी शेजारच्या, अजून झाड असलेल्या इमारतीवर तेवढी वाढलेली नसतात. यातले कोणतेही एक चित्र सुटे पाहिले तर ते कंटाळवाणे आहे. कोणत्याही स्पर्धेत ते पहिल्या फेरीतच बाद होईल. ओळीने लावली की मात्र त्यांतून एका झाडाने किती माणसांचा दिवस धरून ठेवला होता हे दिसते. हे पाहण्यासाठी मला कुठलीही नवी लेन्स घ्यावी लागली नाही. परत जावे लागले, आणि पहिल्यांदा आवडलेली चौकट मोडून अधिक रुंद, अधिक साधी चौकट घ्यावी लागली, ज्यात विषयाच्या आजूबाजूचे सगळे राहू शकेल. माझ्या लग्नाच्या कामातही त्यामुळे फरक पडला. आता मी प्रत्येक घरचे कार्य टिपताना अंगणाचे, पडवीचे, परसातल्या झाडांचे एक तरी चित्र सगळे स्पष्ट येईल असे काढते, आणि ते अल्बममध्ये आग्रहाने ठेवते.

खाडीच्या बाबतीत आपली जबाबदारी अधिक आहे, कारण तिथे आपण गर्दीने जातो. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झाले, १,६९० हेक्टरांचे. २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते तेव्हा तिच्यात पांढऱ्या लांब लेन्सच जास्त दिसतात. पक्ष्यांचे चित्र आपण कसे काढतो? जितके जवळ आणता येईल तितके आणून, मागच्या इमारती, विजेचे मनोरे, चिखलात रुतलेला कचरा चौकटीबाहेर ठेवून. २०२४च्या उन्हाळ्यात नेरूळच्या तलावाचा प्रश्न ऐरणीवर आला, खाडीचे पाणी आत येण्याचे मार्ग बुजल्याचे आणि पक्षी मरत असल्याचे पर्यावरणप्रेमी सांगू लागले, तेव्हा उपयोगी पडणारे चित्र होते ते पाण्याची कड कुठवर आहे हे दाखवणारे. त्या तलावावर वर्षानुवर्षे किती सुंदर चित्रे काढली गेली आहेत! त्यांतली कितीशी पाण्याची पातळी सांगू शकतील? गुलाबी पंखांचे चित्र जरूर काढावे, त्यानंतर लेन्स बदलून त्याच जागेवरून संपूर्ण तलावाचे, किनाऱ्यासकट, एक चित्र काढावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

तिवरांचेही तसेच. वादळ आणि उधाण एकत्र आले की पाणी किती वर चढले याची खूण तिवरांच्या फांद्यांवर प्लास्टिकच्या पिशव्यांच्या ओळीने राहते. ती ओळ पहिल्या चार-आठ दिवसांतच नीट दिसते. ‘निसर्ग’च्या वेळी हवामान खात्याने मुंबई, ठाणे आणि रायगडच्या सखल किनाऱ्यावर नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर उंच लाट येण्याचा इशारा दिला होता. आपल्या शहरातल्या कोणत्या कडेला प्रत्यक्ष किती पाणी आले, हे ठरलेल्या जागांवरून काढलेल्या चित्रांतून सहज नोंदवता आले असते. खाडीची कड पाहायला लोकांना वेळ नसतो असे नाही. ती नियमाने पाहण्याची सवय कोणी लावलेली नाही, आणि ती सवय आपल्यासारख्या मंडळांना सर्वांत सोपी आहे, कारण भल्या पहाटे उठून एखाद्या ठिकाणी जाऊन उभे राहणे हे आपण आवडीने करतोच.

इथे कोळीवाड्यांविषयी थोडे लिहिले पाहिजे. चेंदणी, विटावा, दिवागाव, सारसोळे, करावे, दिवाळे या गावांत आपण ‘लोकजीवन’ टिपायला जातो, बहुधा नारळी पौर्णिमेला. वादळाची बातमी मात्र या गावांना आपल्या आधी कळते. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की होड्या आत ओढल्या जातात, जाळी उचलली जातात. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जूनपासून बंद होते. ‘तौक्ते’ मेच्या मध्यावर आले तेव्हा बंदी लागलेली नव्हती आणि होड्या पाण्यातच होत्या, म्हणून किनाऱ्याला बांधलेल्या होड्याही एकमेकींवर आपटून फुटल्या. हे सगळे तिथल्या माणसांकडून ऐकल्याखेरीज चौकटीत येत नाही. त्यांच्याकडून मी आणखी एक गोष्ट घेतली, जी छायाचित्रकार म्हणून मला अतिशय मोलाची वाटते: फेरीची वेळ तिथीने ठरवणे. आपण सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उजेडावर वेळ ठरवतो. खाडीकाठी तसे केले तर एका वर्षी चित्रात पाणी असते आणि दुसऱ्या वर्षी नुसता चिखल, आणि तुलना करता येत नाही. पौर्णिमेला आणि अमावस्येला आपल्याकडे भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास पुरी होते. खाडीच्या आतल्या टोकाला थोडी उशिरा. म्हणून ज्येष्ठ पौर्णिमेची दुपार घेतली तर दर वर्षी उधाणाचे पाणी त्याच वेळी, जवळपास त्याच उंचीवर सापडते. अधिक महिन्यामुळे ही तिथी मागे-पुढे होते, पण जूनमध्ये सूर्य उत्तरेच्या टोकाजवळ रेंगाळत असतो, त्यामुळे सावल्यांत फार फरक पडत नाही. दुपारचा उजेड रूक्ष असतो हे खरे. या कामाला तोच चांगला, कारण त्यात काही लपत नाही.

दुसरे असे की, या गावांत चित्र काढले तर त्याची प्रत त्या घरी पोहोचली पाहिजे. ओट्यावर सुकट वाळत घालणाऱ्या मावशींचे चित्र आपल्या प्रदर्शनात लागते आणि त्यांनी ते कधी पाहिलेले नसते, हे चालू नये.

प्रतींचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट, जी आपल्यापैकी स्टुडिओ चालवणाऱ्यांना उद्देशून आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई-ठाण्यापासून बदलापूरपर्यंत असंख्य घरांत पाणी शिरले, तेव्हा ट्रंकांमधले आणि कपाटांमधले अल्बम भिजले. लोकांनी ते चिकटलेले गठ्ठे फेकून दिले, कारण ते वाचवता येतात हे कोणी सांगितले नाही. २०११च्या त्सुनामीनंतर जपानच्या मियागी प्रांतातल्या यामामोतो गावी स्वयंसेवकांनी ढिगाऱ्यांत सापडलेले लाखो कौटुंबिक फोटो धुऊन, वाळवून, त्यांच्या डिजिटल प्रती काढून ज्याचे त्याला परत केले. त्यासाठी लागणारे ज्ञान आपल्याकडे आहे. जुन्या रासायनिक छपाईचा फोटो भिजला की त्यावरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि मऊ होतो; फोटो एकमेकांना चिकटून वाळले तर तो थर फाटतो. म्हणून गठ्ठा वाळू न देता, स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने सोडवायचा, प्रतिमेला बोट न लावता चिखल धुऊन काढायचा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत सुकवायचा. लगेच वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवला तरी दिवस मिळतात. घरगुती इंकजेटवर छापलेले फोटो मात्र पाण्यात घालू नयेत, त्यांचा रंग धुऊन जातो. पाणी ओसरल्यावरच्या आठवड्यात प्रत्येक भागात एका स्टुडिओने जरी आपल्या दुकानाबाहेर ‘भिजलेले फोटो आणून द्या’ असा फलक लावला, तरी कितीतरी घरांचे आजी-आजोबा वाचतील.

पुढे अशी वादळे येतच राहतील. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहभाग घेतलेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली, आणि अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी. समुद्राचे तापमान वाढले आहे आणि पूर्वी बंगालच्या उपसागरापुरते समजले जाणारे संकट आपल्या किनाऱ्यावरही आले आहे. म्हणून आज कोणत्याही रस्त्याचे, बंदराचे, तलावाचे आपण जे चित्र काढू, ते कुठल्या तरी वादळाच्या आधीचे चित्र ठरणार आहे.

काम कसे करावे याविषयी माझा अनुभव असा. जागा अशी निवडावी की तिथे उभे राहण्याची खूण टिकेल: जुना कठडा, देवळाची पायरी, पुलाचा खांब. कॅमेऱ्याची उंची, लेन्सची फोकल लेंग्थ (चौकट किती रुंद येते हे ठरवणारा आकडा) आणि चौकटीच्या कडांवर येणाऱ्या दोन स्थिर वस्तू वहीत लिहून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी दुसरा कोणी गेला तरी त्याला तीच चौकट मिळावी. हिमनद्यांचा अभ्यास करणारे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशाच रीतीने काम करत आले आहेत, आणि त्यांना आज जे कळते ते त्यांच्या पूर्वसूरींनी नीट नोंदवलेल्या उभ्या राहण्याच्या जागांमुळे. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल, जशीच्या तशी जपावी, रंगांचे प्रीसेट लावू नयेत, आकाश बदलण्याचा तर विचारही करू नये. सोबत चार ओळींची टीप मराठीत लिहावी: तिथी, वेळ, पाऊस होता का, तिथे कोण भेटले आणि त्यांनी काय सांगितले. ड्रोनची घाई नको. विमानतळ आणि अभयारण्य दोन्ही जवळ असल्यामुळे परवानग्यांचे प्रश्न आहेतच, शिवाय माणूस शहर पाहतो ते जमिनीवरून. येऊर हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे वन विभागाच्या वेळा आणि नियम पाळूनच जावे.

ठिकाणांची उणीव नाही. ठाण्यात मासुंदा आणि उपवन तलावांचे काठ, कोपरी आणि चेंदणीचा खाडीकिनारा, कळवा पूल, घोडबंदर रस्त्यावरचे गायमुख. इकडे ऐरोली, वाशीचा किनारा, पाम बीच मार्गालगतचे पाणथळ, बेलापूर आणि दिवाळ्याचे बंदर. पारसिकच्या डोंगरावरून दोन्ही शहरे एका चौकटीत येतात.

छायाचित्रे ठेवायची कुठे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या हार्ड डिस्क आपल्याबरोबर जातील. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालापासून छापील मराठी जपत आले आहे. अशा संस्थेकडे, दोन्ही महानगरपालिकांच्या वाचनालयांकडे आणि इथल्या महाविद्यालयांकडे आपण मंडळांच्या वतीने एकत्र जावे, दर वर्षी एक संच, छापील प्रतींसह, त्यांच्या हवाली करण्याचा प्रस्ताव द्यावा आणि त्यासाठी लागणारी साधने स्वतः पुरवावीत. स्पर्धांच्या प्रवेशशुल्कातला काही भाग त्यासाठी बाजूला काढता येईल. छायाचित्रकाराचे नाव प्रत्येक चित्रावर राहावे, वापराची परवानगी नागरिकांना आणि अभ्यासकांना मोफत असावी, जाहिरातीसाठी मात्र नसावी. जे तरुण हे काम नियमाने करतील त्यांना प्रवासखर्च आणि मानधन मिळालेच पाहिजे. ‘अनुभव मिळेल’ या आश्वासनावर त्यांचा वेळ घेणे योग्य नाही.

स्पर्धांच्या परीक्षकांनाही माझी विनंती आहे. एकाच उत्कृष्ट क्षणाच्या चित्राबरोबर, एकाच जागेच्या किमान तीन वर्षांच्या मालिकेसाठी वेगळा विभाग ठेवावा. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सरकारने जुन्या वास्तूंची नोंद छायाचित्रांतून करून घेण्यास सुरुवात केली. आपल्या भागात ही कला नोंदीचे काम करतच रुजली आहे. तिला तो मान परत देणे आपल्या हाती आहे.

पाऊस लागण्याआधी प्रत्येक मंडळाने निदान दोन जागा आणि त्यांची जबाबदारी घेणारी दोन नावे ठरवावीत, आणि ती इतर मंडळांना कळवावीत, म्हणजे एकाच जागी सगळे जाणार नाहीत. दिवागाव ते घणसोली हा खाडीचा पट्टा मी घेते. २०२०पासूनची माझी तिथली सर्व छायाचित्रे, टिपणांच्या वह्यांसह, या कामासाठी खुली आहेत. ज्यांना त्याच जागांवर उभे राहायचे असेल त्यांना मी सोबत येऊन खुणा दाखवीन. चेंदणी आणि दिवाळे या बंदरांसाठी मात्र तिथेच राहणारे कोणी पुढे आले तर ते अधिक योग्य होईल, आणि त्या गावांतल्या तरुणांकडे कॅमेरा नसेल तर मंडळांनी आपल्याकडचे जुने, चालू स्थितीतले कॅमेरे त्यांना द्यावेत.

आपली,
ऐरोलीची एक छायाचित्रकार